तीन वर्षांसाठी जपान : ‘इकुसेइ शूरो’बद्दल वाचकांची पत्रे

२९ ऑगस्ट २०२५ रोजी भारत आणि जपान यांच्यात मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा ठरला. पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून ५ लाख माणसांनी ये-जा करावी आणि त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल हात असावेत, असा तो बेत आहे. तेव्हापासून या सदराकडे जपानबद्दलची पत्रे वाढली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. जपानची जुनी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना जाऊन १ एप्रिल २०२७ पासून ‘इकुसेइ शूरो’ ही कामगार घडवण्याची नवी योजना येणार, म्हणजे आपल्या मुलाचे नेमके काय होणार? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. रुपयांचा हिशेब मांडताना एक येन ५७ पैशांचा धरला आहे. हा भाव हलतो आणि तो हलला की पुढची सगळी गणिते हलतात.

मी आयटीआय फिटर आहे, वय २२. क्लास लावून जपानी शिकतोय. क्लासचे सर म्हणतात, जुनी इंटर्नची योजना बंद होतेय, लवकर पैसे भरून नाव नोंदव, नंतर फार अवघड होईल. खरंच घाई करावी का?
— एक वाचक, शिरूर

घाई क्लासला आहे, तुम्हाला नाही.

जुनी योजना, जपानीत ‘गिनो जिस्शू’, १९९३ पासून चालू आहे. कागदावर तिचा हेतू विकसनशील देशांतल्या तरुणांना कौशल्य शिकवून परत पाठवण्याचा. मजुरांचा तुटवडा भरून काढण्यासाठी ती वापरू नये, असे कायद्यातच लिहिले आहे. प्रत्यक्षात भाजीचे मळे, मासळीचे कारखाने, शिवणकाम, वेल्डिंग, बांधकाम अशा ठिकाणी तीच माणसे कामाला आली. ‘शिकाऊ’ म्हटले की मालक बदलायचा प्रश्न येत नाही, आणि सगळी गाठ तिथेच बसली. पगार बुडवला, मारहाण झाली, तरी कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाला दुसरीकडे जाता येईना. मग तो पळून जातो. २०२३ या एका वर्षात ९,७५३ प्रशिक्षणार्थी असे नाहीसे झाल्याची जपान सरकारचीच नोंद आहे.

जून २०२४ मध्ये कायदा बदलला. नवी योजना उघडपणे कामगार मिळवण्यासाठी आणि घडवण्यासाठी आहे. मुदत ३ वर्षे. या तीन वर्षांत माणूस ‘तोकुतेइ गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्य व्हिसाच्या पहिल्या पायरीला पोचावा, अशी आखणी आहे. अटींसह मालक बदलता येतो. कामगाराने एजन्सीला किती द्यावे यावर जपानने मर्यादा घातली आहे. माणसेही ज्या देशांशी सरकारी पातळीवर समझोता आहे त्यांच्याकडूनच घ्यायची, असे तत्त्व ठरले आहे.

सरांचे ‘अवघड’ एका बाबतीत खरे आहे. जुन्या योजनेत वृद्धसेवेचे क्षेत्र सोडले तर जाण्याआधी भाषेची परीक्षा सक्तीची नव्हती. आता कामाला लागण्याआधी ए-१ पातळी, म्हणजे साधारण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत खालची एन-५ पायरी (त्यावरची एन-४), पास व्हावी लागते किंवा तेवढा मान्य अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तुम्ही भाषा शिकतच आहात, तेव्हा ही अट तुमच्या पथ्यावरच पडेल.

जुन्या योजनेतून शेवटच्या गाडीला जायचे तर तारखा लक्षात ठेवा. प्रशिक्षण आराखड्याचा अर्ज ३१ मार्च २०२७ पर्यंत जपानमध्ये दाखल व्हायला हवा आणि प्रशिक्षण ३० जून २०२७ पर्यंत सुरू व्हायला हवे. अशा माणसाला पुढेही जुनेच नियम लागू राहतात. त्याला मध्येच नव्या योजनेत उडी मारता येत नाही, म्हणजे मालक बदलण्याची नवी सोयही मिळत नाही. कंपनीची मुलाखत होऊन निवड झाली असेल, कंपनी चांगली असेल, तर जायला हरकत नाही. जुन्या योजनेतली पहिली दोन टप्प्यांची तीन वर्षे नीट पुरी केली की त्याच कामाच्या ‘तोकुतेइ गिनो’त परीक्षा न देता जाता येते. पण नुसते नाव नोंदवायला आज पैसे भरायचे असतील, तर त्या पैशांत एन-४ चा अभ्यास करा.

मुलगा बारावी झालाय. एजन्सीने साडेचार लाख सांगितलेत. दीड लाख ट्रेनिंग, साठ हजार व्हिसा, एक लाख ‘डिपॉझिट’ आणि बाकी सर्व्हिस चार्ज. दहावी-बारावीची मूळ मार्कशीट त्यांच्याकडे ठेवायची म्हणतात. सोसायटीचं कर्ज मिळत नाही म्हणून बाहेरून काढावं लागेल. एवढं द्यावं का?
— एक वडील, जुन्नर तालुका

नाही. यातली प्रत्येक रक्कम वेगळी तपासा.

सर्व्हिस चार्ज : १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेल्या भरती एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. पावती आणि बँकेतून व्यवहार हवाच. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावाने किंवा परवाना क्रमांकाने तपासता येते. फलकावरचे नाव आणि परवान्यावरचे नाव एकच आहे का, तेही बघा. ‘आम्ही अमुक परवानाधारकाचे सब-एजंट आहोत’ हे उत्तर आले तर तिथेच थांबा, कारण कायद्याला सब-एजंट माहीत नाही. दहावी पास असल्याने मुलाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे कामासाठी ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शेरा नसेल, आणि जपान त्या यादीतल्या १८ देशांत नाहीच. त्यामुळे मुलाला सरकारी परवानगी लागत नाही. एजंटला परवाना मात्र लागतोच; ही गफलत मुद्दाम केली जाते.

व्हिसा : भारतीयांसाठी जपानच्या व्हिसाची सरकारी फी आजवर हजार रुपयांच्या आतच राहिली आहे. खरे महत्त्वाचे कागद, म्हणजे पात्रता प्रमाणपत्र, जपानमधला मालक किंवा त्याची संस्था तिथल्या इमिग्रेशनकडून काढून पाठवते. साठ हजार कशाचे, हा प्रश्न लेखी विचारा.

डिपॉझिट : मध्येच सोडले तर जप्त होणारी अनामत, दंडाचा करार, जमिनीचा उतारा किंवा कोरे चेक तारण ठेवणे हे जपानच्या नियमांत सरळ निषिद्ध आहे. असा कागद सापडला तर तिकडच्या संस्थेची परवानगी धोक्यात येते. म्हणून तो तुम्हाला दाखवतात, सही घेतात, पण प्रत देत नाहीत. प्रत मागा. मूळ मार्कशीट देऊ नका. साक्षांकित प्रती पुरतात.

ट्रेनिंग : गोम इथे आहे. सर्व्हिस चार्जला मर्यादा आहे म्हणून बाकीचे पैसे ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली येतात. किती महिने, रोज किती तास, वसतिगृह आणि जेवण धरून की सोडून, शिकवणाऱ्याची पातळी काय आणि निवड झाली नाही तर किती परत, हे पाच मुद्दे कागदावर आल्याशिवाय रक्कम योग्य की अयोग्य ते ठरवता येत नाही.

नव्या योजनेत जपानने आणखी एक लगाम लावला आहे. पाठवणाऱ्या संस्थेला कामगाराने दिलेली एकूण रक्कम, जपानमध्ये ठरलेल्या पगाराच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त नको. वरचा खर्च मालकाच्या बाजूने सोसायचा. पगार १ लाख ७८ हजार येन धरला तर ही मर्यादा साधारण दोन लाख रुपयांवर येते. ही कमाल मर्यादा आहे. एजन्सीने तिला दरपत्रक समजू नये, आणि तुम्हीही समजू नका.

आता कर्जाचे. बाहेरून शेकडा दोनने साडेचार लाख काढले की महिन्याला ९ हजार नुसते व्याज. मुलगा सात महिने ट्रेनिंगमध्ये असताना हा बोजा ५ लाख १३ हजारांवर जातो. तो जपानहून महिन्याला ४१ हजार रुपये पाठवू लागला आणि सगळे कर्जालाच घातले, तरी फिटायला चौदा-पंधरा महिने जातात. म्हणजे तीन वर्षांच्या नोकरीतले जवळपास पाच महिन्यांत दोन महिने सावकाराचे.

भावाला १ लाख ७८ हजार येन पगार सांगितलाय, म्हणजे आमच्या हिशेबाने लाखभर रुपये. घरी किती येतील?
— एक बहीण, तासगाव

वर ४१ हजार म्हटले, ते असे आले.

जपानमध्ये किमान वेतन प्रीफेक्चरनुसार, म्हणजे प्रांतानुसार, बदलते. २०२५ च्या दरांत तोक्यो ताशी १,२२६ येनवर, तर कोची, मियाझाकी आणि ओकिनावा १,०२३ वर आहेत. देशाची सरासरी १,१२१. तुमच्या भावाचा आकडा ताशी १,०६० येन, रोज ८ तास, २१ दिवस असा दिसतो : १,७८,०८० येन. हा ढोबळ पगार झाला. पगारपत्रकावर बघायची ती ‘तेदोरि’, म्हणजे हातात पडणारी रक्कम.

पेन्शन, ‘कोसेइ नेनकिन’, कामगाराच्या वाट्याचे ९.१५ टक्के : सुमारे १६,५००. आरोग्य विमा साधारण ५ टक्के : ९,०००. रोजगार विमा हजारभर. प्राप्तिकर दोन हजारांच्या आसपास. उरले १ लाख ४९ हजारांवर. त्यातून वसतिगृहाचे भाडे समजा २५ हजार आणि वीज-गॅस-पाणी ९ हजार कापले की १ लाख १५ हजार. जेवण ३० हजार, फोन ३ हजार, कपडालत्ता, सायकल, केस कापणे धरून १० हजार. घरी पाठवायला ७२ हजार येन, म्हणजे ४१ हजार रुपये.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. ‘जूमिनझेइ’ हा रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, त्यामुळे पहिले काही महिने कापला जात नाही. पुढच्या वर्षी जूनपासून महिन्याला सहा हजार येन गेले की मुले ‘मालकाने पगार कापला’ म्हणून घाबरतात. मालकाने काही केलेले नसते. दुसरे, पगार ताशी असेल तर मे महिन्यातल्या गोल्डन वीकला, ऑगस्टमधल्या ओबोन सणाला आणि नववर्षाला कारखाना बंद असतो, आणि त्या महिन्यांचे पाकीट हलके येते. करारातला ‘वर्षाला सुट्ट्या किती’ हा आकडा म्हणून वाचायचा : १०५ आणि १२५ यांत वीस दिवसांच्या मजुरीचा फरक आहे.

ओव्हरटाइमला २५ टक्के जादा, रात्री १० ते पहाटे ५ च्या कामाला आणखी २५, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ३५. शेतीचे काम असेल तर वेगळे आहे. कामाचे तास, विश्रांती आणि सुट्ट्या यांबद्दलची कामगार कायद्याची कलमे शेतीला लागू नाहीत, रात्रीचा वाढीव दर तेवढा लागू. तेव्हा शेतीच्या करारात ओव्हरटाइमचा दर काय लिहिलाय, तोच खरा. सही करण्याआधी ‘कोयो जोकेनशो’, म्हणजे नोकरीच्या अटींचा तक्ता, आपल्याला कळेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. भाड्याची रक्कम त्यातच असते.

जीएनएम झालेय, दोन वर्षे खासगी रुग्णालयात आहे. इकुसेइ शूरोतून वृद्धसेवेला जावं असं घरचे म्हणतात. मला तिथे नर्स म्हणून घेतील का?
— एक वाचक, नागपूर

नर्स म्हणून नाही. तिथे ते काम ‘काइगो’चे : अंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे, शौचाला नेणे, नोंदी ठेवणे. इंजेक्शन देण्याचा परवाना त्यात नाही. हे मनाला पटत असेल तरच पुढे वाचा.

तुमच्यासारखीने इकुसेइ शूरोच्या दारातून जाण्याचे कारण नाही. सरळ ‘तोकुतेइ गिनो’च्या परीक्षा द्या; भारत-जपान समझोता जानेवारी २०२१ मध्येच झाला आहे आणि काइगोची परीक्षा भारतात होते. तीन गोष्टी पास व्हाव्या लागतात. भाषेसाठी जेएलपीटी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरात. जेएफटी संगणकावर, एका तासाची, २५० पैकी २०० ला पास, निकाल लगेच कळतो. दुसरी काइगो कौशल्याची परीक्षा : ४५ प्रश्न, ६० मिनिटे. तिसरी काइगोच्या जपानीची : १५ प्रश्न, ३० मिनिटे. शेवटच्या परीक्षेत मुली अडखळतात, कारण ‘अंथरुणातले फोड’, ‘घास अडकणे’, ‘कूस बदलणे’ हे शब्द एन-४ च्या पुस्तकात नसतात. विषय तुम्हाला येतो, शब्द तेवढे पाठ करायचे.

या व्हिसावर एकूण ५ वर्षे राहता येते. तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेले प्रशिक्षण झाले की ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा देता येते. ती पास झालात तर ‘काइगो’ व्हिसा मिळतो, तो पुन्हा पुन्हा वाढतो आणि कुटुंब नेता येते. वृद्धसेवेतली खरी शिडी ही आहे. निवड करताना पगारात पाच हजार येन कमी पण परीक्षेच्या अभ्यासाला वेळ देणारी संस्था मिळाली, तर आमचे मत तिच्याच बाजूने.

मालक बदलता येतो म्हणतात. म्हणजे गावाकडच्या कारखान्यात दाखल व्हायचं आणि दोन महिन्यांनी ओसाकाला जायचं, असं चालेल का?
— एक वाचक, परभणी

चालणार नाही. बदलाचे दोन रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिला, नाइलाजाचा. पगार थकवला, मारहाण किंवा छळ झाला, करारात लिहिलेले काम आणि प्रत्यक्षातले काम वेगळे निघाले, कंपनी बुडाली : अशा वेळी मुदतीची अट नाही. मात्र पुरावा लागतो. हजेरीची वेळ दाखवणारा कार्डाचा फोटो रोज काढा. पगारपत्रके जपा. मुकादमाचे ‘लाइन’ या मेसेज ॲपवरचे निरोप पुसू नका. वहीत तारीख, वेळ आणि काय बोलले ते त्याच दिवशी लिहा, मराठीत लिहिले तरी चालेल. देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे आजवरच्या ‘कानरी दांताइ’कडे आणि नव्या योजनेतल्या ‘कानरी शिएन किकान’कडे, लेखी तक्रार द्या. तिने टोलवले तर थेट सरकारी योजना-संस्थेकडे, म्हणजे ही योजना सांभाळणाऱ्या जपानी सरकारी संस्थेकडे. पगाराचा प्रश्न असेल तर ‘रोउकी’, म्हणजे कामगार निरीक्षण कार्यालयाकडे. इंग्रजीतून बोलण्याची सोय या यंत्रणेत आहे.

दुसरा, स्वेच्छेचा. त्यासाठी त्याच मालकाकडे क्षेत्रानुसार १ किंवा २ वर्षे काढावी लागतात. बांधकाम आणि वृद्धसेवेसाठी २. कौशल्याची पायाभूत परीक्षा आणि त्या क्षेत्रासाठी ठरलेली भाषा-पातळी पास हवी. काम त्याच प्रकारचे राहिले पाहिजे, म्हणजे वेल्डर बदलून हॉटेलात जाता येत नाही. नवा मालक सरकारी निकषांवर चांगला ठरलेला असावा लागतो, आणि पहिल्या मालकाने तुम्हाला आणण्यावर केलेल्या खर्चाचा काही भाग त्याने भरायचा असतो. या शेवटच्या अटीमुळे बदली कागदावर सोपी आणि व्यवहारात महाग होणार, असा आमचा अंदाज आहे. ज्याची भाषा एन-४ च्या वर गेली आहे त्याच्यासाठी मालक पैसे मोजतील, बाकीच्यांसाठी हात आखडता घेतील.

बदलीच्या कामात खासगी दलालाला हात घालायला बंदी आहे. ती देखरेख संस्था, सरकारी योजना-संस्था आणि ‘हॅलो वर्क’ या सरकारी रोजगार केंद्रामार्फतच होते. फेसबुकवर ‘ओसाका, ताशी १,५००, कागदपत्रे नकोत’ असे दिसले तर तो सापळा आहे. कारणाशिवाय तीन महिने ठरलेले काम सोडून राहिलात की व्हिसा रद्द होऊ शकतो. मग आजारपणात विमा नाही, अपघातात कुणी वाली नाही.

तीन वर्षे संपली आणि परीक्षेत नापास झालो तर?
— एक वाचक, लातूर

लगेच हाकलत नाहीत. पुन्हा परीक्षा देण्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष मुदत वाढू शकते. ‘तोकुतेइ गिनो’च्या पहिल्या पायरीला कौशल्य परीक्षा आणि ए-२ पातळीची भाषा, म्हणजे एन-४, दोन्ही लागतात. हातकाम जमते, भाषा राहते, हा नेहमीचा अनुभव. रोज दहा तास मशिनवर उभे राहून रात्री कांजी (जपानीतली चित्राक्षरे) गिरवणे जमत नाही, म्हणून जाण्याआधीच एन-४ जितकी पुरी होईल तितकी करून जा.

लग्न झालंय, मुलगी दोन वर्षांची. तिला आणि बायकोला नेता येईल? पुढे तिकडेच स्थायिक होता येईल?
— एक वाचक, चिपळूण

इकुसेइ शूरोची ३ वर्षे आणि ‘तोकुतेइ गिनो’च्या पहिल्या पायरीची ५ वर्षे, मिळून ८ वर्षे कुटुंबाला सोबत राहण्याचा व्हिसा नाही. दुसऱ्या पायरीला पोचलात तर पत्नी आणि मुले नेता येतात. तेव्हा तुमची मुलगी दहा वर्षांची असेल.

स्थायिक होण्यासाठी साधारणतः जपानमध्ये सलग १० वर्षे राहावे लागते आणि त्यातली ५ वर्षे नोकरीच्या व्हिसावर हवीत. जुन्या प्रशिक्षणार्थी योजनेतली आणि ‘तोकुतेइ गिनो’ पहिल्या पायरीवरची वर्षे या पाचांत धरत नाहीत. शिवाय २०२४ च्या त्याच कायदा-दुरुस्तीने, मुद्दाम कर किंवा विम्याचे हप्ते बुडवणाऱ्याचा कायम वास्तव्याचा हक्क काढून घेण्याची तरतूद केली आहे. थोडक्यात, ही योजना तरुण आणि एकट्या माणसासाठी बेतलेली आहे. तुमच्यासाठी तीन वर्षांची ठोक कमाई एवढाच हिशेब मांडा, आणि तो बायकोसमोर बसून मांडा.

कामावर असताना दिवस गेले तर परत पाठवतात, हे खरं का?
— एक वाचक, कोल्हापूर

पाठवता येत नाही. गरोदरपणावरून काढणे जपानी कायद्याने बंद आहे आणि ते परदेशी कामगारालाही लागू आहे. बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे रजा मिळते, आरोग्य विम्यातून बाळंतपणाचे ५ लाख येन मिळतात. ‘गरोदर राहिल्यास परत जाईन’ असे लिहून घेतले असेल तर तो कागद तिथे टिकत नाही, पण अशा सह्या आजही घेतल्या जातात. सही केली असली तरी घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. एकदा ‘स्वखुशीने सोडले’ असा कागद गेला की भांडायला जागा उरत नाही.

मी इबाराकी प्रांतात तीन वर्षांचा प्रशिक्षणार्थी आहे, दोन महिन्यांनी परत येतोय. नेनकिनचे पैसे परत मिळतात असं मित्र सांगतात. कसे? शिवाय आईवडिलांच्या नावाने कर कमी होतो म्हणतात, तेही कळवा.
— एक वाचक, सध्या जपान

मिळतात. त्याला ‘दात्ताइ इचिजिकिन’ म्हणतात. ६ महिने किंवा जास्त हप्ते भरले असतील आणि जपानमधला पत्ता कमी केला असेल, तर परतल्यावर २ वर्षांच्या आत अर्ज करायचा. ३६ महिने भरले असतील तर सरासरी मासिक पगाराच्या ३.३ पट. पगार १ लाख ८० हजार धरला तर ५ लाख ९४ हजार येन. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात आणि हातात ४ लाख ७२ हजारांच्या आसपास येतात. कापलेला १ लाख २१ हजारही बहुधा सुटतो, पण त्यासाठी निघण्याआधी तिथल्या कर कार्यालयात आपल्या वतीने व्यवहार पाहणारा ‘नोझेइ कानरिनिन’ नेमावा लागतो. तिथे राहणारा विश्वासू मित्र चालतो. मुले नेमके हेच विसरतात आणि गावी आल्यावर धावाधाव करतात.

एक मात्र ध्यानात घ्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यानुसार दोन्ही देशांतली वर्षे पेन्शनसाठी एकत्र धरता येतात. पैसे उचलले की ती तीन वर्षे कायमची पुसली जातात. पुन्हा ‘तोकुतेइ गिनो’वर जाण्याचा पक्का विचार असेल तर उचलण्याआधी दोनदा विचार करा. जायचेच नसेल तर उचला.

क्रम असा ठेवा. निघण्यापूर्वी नगरपालिकेत स्थलांतराची नोंद करा. पेन्शनचा मूळ क्रमांक असलेली पुस्तिका किंवा पत्र हातसामानात ठेवा; सुटकेसमध्ये गेले आणि सुटकेस हरवली असे होते. पासपोर्टच्या सगळ्या नोंदींच्या पानांच्या प्रती काढा. भारतातल्या खात्याचे बँकेचे पत्र घ्या. आपल्याकडच्या मुलांची गाडी अडते ती नावावर. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव-वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात, झाइर्यू कार्डावर (जपानमधल्या निवासाच्या ओळखपत्रावर) आडनाव आधी, आणि गावच्या बँकेत वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. जपानी कारकुनाला ही तीन माणसे वाटतात. बँकेत आधीच पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. परदेशात असेपर्यंत तुमचे इथले साधे बचत खाते नियमाने एनआरओ हवे आणि तिकडची कमाई ठेवायला एनआरई; दोन्ही अनिवासी भारतीयांची खाती. परतल्यावर बँकेला कळवून ते पुन्हा साधे करायचे.

आईवडिलांचे. स्वतःचे फारसे उत्पन्न नसलेल्या, परदेशातल्या अवलंबितांसाठी करात सूट मिळते. पण २०२३ पासून ३० ते ६९ वयाच्या माणसासाठी सहसा वर्षाला किमान ३ लाख ८० हजार येन पाठवल्याचा पुरावा लागतो, आणि तोही प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर. सगळे पैसे वडिलांच्या खात्यात टाकले तर आईची सूट बुडाली. महिन्याला ३२ हजार आईच्या आणि ३२ हजार वडिलांच्या खात्यात टाकले की वर्षाचे ३ लाख ८४ हजार दोघांचे वेगवेगळे होतात, पाठवायचे पैसे तेवढेच. एका माणसामागे रहिवासी करात साधारण ३३ हजार येन वाचतात. जन्मदाखल्याचे जपानी भाषांतर, आईवडिलांशी नाते दाखवणारा कागद आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या नोव्हेंबर-डिसेंबरात कंपनीच्या कार्यालयात द्यायच्या. गेल्या वर्षीचे राहिले असेल तर कर कार्यालयात ५ वर्षांपर्यंत परतावा मागता येतो, आणि तुमच्याकडे अजून दोन महिने आहेत.